राउटर ठेवायचा कुठे?

घरातल्या दोन कॉम्प्युटरमध्ये फाइल पाठवायला इंटरनेट लागत नाही. दोन्ही एकाच राउटरला जोडलेले असले की पुरे. मात्र राउटरची जागा नीट हवी. वायफायची २.४ गिगाहर्ट्‌झची रेडिओलहर सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांब असते आणि भिंतीपलीकडे बऱ्यापैकी पोहोचते. ५ गिगाहर्ट्‌झवर माहिती जास्त वेगाने जाते, पण ती लहर भिंत लागली की लवकर क्षीण होते. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४च्याच पट्ट्यात चालतो, म्हणून तो सुरू असताना जवळचं वायफाय अडखळू शकतं. लोखंडी कपाटही लहरी अडवतं. तेव्हा राउटर टीव्हीमागे कोंबू नका. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवा. आजूबाजूला वायफायची गर्दी असेल, तर २.४साठी १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनेल निवडा. आणि राउटरसोबत आलेला पासवर्ड आजच बदला.