बचावपटूचे भवितव्य कसे जोखावे?

शालेय हॉकी सामने आटोपले की क्रीडाशिक्षकांना एखादा पालक हमखास गाठतो. मुलगा सोळा वर्षांचा, बचावफळीत खेळणारा, अंगाने थोराड. "गुरुजी, याचे पुढे यातच काही होईल का?" आघाडीच्या खेळाडूचे गोल मोजता येतात, बचावपटूचे उत्तम काम म्हणजे न झालेला गोल, आणि त्याची नोंद कोठेच होत नाही.

थोराड बांधा आणि जोरदार फटका यांवर विसंबणे फसवे ठरते, कारण दोन वर्षांत इतर मुलेही तेवढीच वाढतात. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला असताना हा मुलगा कोठे उभा आहे, ते पाहावे. चालून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यावर तो झेपावतो, की स्टिक जमिनीलगत ठेवून त्याला बाजूरेषेकडे रेटत नेतो? चेंडू हिसकावल्यावर त्याचा पहिला पास कोणाकडे जातो? सहकाऱ्यांना तो मोठ्याने सूचना देतो काय? मुरमाड मैदानावर वाढलेल्या मुलाची पारख कृत्रिम हिरवळीवरही व्हावयास हवी. तेथे चेंडूचा वेग निराळाच असतो.

पॅरिस ऑलिंपिकमधील उपांत्यपूर्व सामना या दृष्टीने उद्बोधक आहे. दि. ४ ऑगस्ट २०२४ रोजी ग्रेट ब्रिटनविरुद्ध बचावपटू अमित रोहिदास यास सतराव्या मिनिटाला लाल कार्ड मिळाले. उर्वरित चाळीसहून अधिक मिनिटे भारत दहाच खेळाडूंनिशी खेळला. तरीही सामना १-१ असा राखून शूटआउटमध्ये ४-२ ने जिंकला. बचाव म्हणजे मुख्यत्वे जागा राखणे व परस्परांत बोलणे, हे त्या दिवशी दिसून आले.

दुसरा भाग ड्रॅग फ्लिकचा. पेनल्टी कॉर्नरवर पहिला फटका टोलवून मारल्यास चेंडू गोलरेषेवर ४६ सेंटिमीटरपेक्षा उंच चालत नाही. फ्लिकला ही मर्यादा नाही. म्हणून ही कला अवगत असलेल्या बचावपटूचे मोल वाढते. पॅरिसमध्ये दहा गोल करणारा कर्णधार हरमनप्रीतसिंग हा बचावपटूच, आणि २०२४ च्या हॉकी इंडिया लीगच्या लिलावात त्याला ७८ लाख रुपये मिळाले. तथापि, हा आकडा ऐकून चौदा वर्षांच्या मुलाकडून रोज शंभर फ्लिक घोटवून घेणे त्याच्या पाठीच्या मुळावर येऊ शकते.

आता संधींचा हिशेब. त्या लिलावात पुरुषांचे आठ संघ होते व प्रत्येकात किमान सोळा भारतीय खेळाडू घ्यावयाचे होते. म्हणजे साऱ्या देशासाठी सुमारे १२८ जागा. बचावपटूंच्या वाट्याला त्यांतील काहीच. सर्वांत खालची मूळ बोली दोन लाखांची. शिवाय २०१३ साली सुरू झालेली ही लीग २०१७ नंतर बंद पडली, ती २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. २०१७ साली अठरा वर्षांचा असलेला होतकरू मुलगा तोपर्यंत पंचविशीत पोहोचला होता. त्याची उमेदीची वर्षे कोणी भरून द्यावयाची?

त्यामुळे बहुतेकांचा खरा आधार रेल्वे, पोलीस, सेनादले यांसारख्या संघांतील नोकरीचाच. राज्य शासनाच्या सेवेतही पात्र खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. मात्र पदासाठीची शैक्षणिक अर्हता सुटत नाही आणि क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी होते. तेव्हा त्या वडिलांना गुरुजींनी एवढेच सांगावे : मुलाचे आणखी दोन हंगाम पाहू, बारावीची परीक्षा मात्र चुकवू नका, आणि प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र जपून ठेवा.