गरम इंजिन पुन्हा सुरू का होत नाही?

गव्हाच्या पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी पिकास मुकुटमुळे फुटू लागतात. या सुमारास पाण्याची पाळी चुकल्यास उत्पन्नात घट येते. नेमक्या अशा वेळी विहिरीवरील डिझेल इंजिन अडून बसते. सकाळी दोन-तीन हँडलांत सुरू झालेले इंजिन दुपारी भाकरीसाठी बंद करावे, तो अर्ध्या तासाने कितीही हँडल मारले तरी ते दाद देत नाही. संध्याकाळी निवल्यावर मात्र निमूटपणे चालू होते. मग रिंगा व लायनर बदलण्याचा सल्ला मिळतो आणि पुष्कळदा तो खर्च वाया जातो.

वास्तविक, रिंगा झिजलेले इंजिन बहुधा थंडीच्या सकाळीच अधिक त्रास देते. थंड हवा दाबल्यावर पुरेशी तापत नाही, त्यातच दाब गळतो व डिझेल पेट घेत नाही. तेव्हा सकाळी सहज सुरू होणारे इंजिन केवळ गरमपणी अडत असेल, तर दोष प्रथम इतरत्र शोधावा. तसेच ही तपासणी इंजिन गरम असतानाच करावी. निवलेल्या इंजिनात हा दोष झाकला जातो.

आरंभ बिनखर्ची गोष्टींपासून करावा. थंडाव्याचे पाणी नीट फिरते की नाही, हे पाहावे. डिझेलच्या टाकीच्या झाकणाचे बारीक छिद्र साफ करावे. फिल्टर तपासून, नळीत शिरलेली हवा स्क्रू सैल करून काढून टाकावी.

त्यानंतर डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल फिरवावे व नोझलकडे कान द्यावा. डिझेल योग्य दाबाने फवारले जात असल्यास प्रत्येक फवाऱ्यास ‘कुर्र’ असा आवाज येतो. हा आवाज सकाळी स्पष्ट व दुपारी नाहीसा होत असल्यास फ्युएल पंपातील प्लंजर व बॅरल झिजले असण्याचा संभव मोठा असतो. उष्णतेने डिझेल पातळ होते व झिजलेल्या फटीतून निसटते. इंजिन वेगात असताना गळतीस अवधी मिळत नाही, म्हणून चालू इंजिनात हा दोष जाणवत नाही. हँडलाच्या मंद गतीत मात्र तो उघड होतो.

याची खात्री करण्यासाठी, इंजिन बंद असताना फ्युएल पंपावर ओले फडके काही वेळ ठेवावे. पंप निवताच इंजिन सुरू झाले, तर संशय बळावतो. मात्र पंपावर किंवा तापलेल्या हेडवर थंड पाणी कदापि ओतू नये. पंप आवळून बसण्याचा व हेडला तडा जाण्याचा धोका असतो. प्लंजर व बॅरल ही एकमेकांस घासून बसविलेली जोडी असल्याने ती जोडीनेच बदलावी.

नोझलचा आवाज ठीक आहे, खटका खाली पाडल्यावर धुराच्या नळीतून पांढरा धूरही येतो, तरीही इंजिन पेटत नाही, असे असल्यास डिझेल पोचते पण जळत नाही, असे समजावे. अशा वेळी टॅपेटचे अंतर तपासावे. ते आधीच कमी असेल, तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही व दाब निसटतो. हे अंतर इंजिनासोबतच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाप्रमाणे, त्यात सांगितलेल्या स्थितीत लावावे. इतके करूनही दाब लागत नसेल, तरच रिंगांचा विचार करावा.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, म्हणजे उलट झटक्याने इजा होण्याचा धोका कमी होतो. हवेच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरण्याची सवयही घातक आहे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाण्याच्या पाळीपूर्वीच अशी इंजिने हेरून, अर्धा तास चालवून व थांबवून पाहावीत. इंजिन मिस्त्रीकडे देताना ‘सुरू होत नाही’ एवढेच न सांगता, थंडपणी व गरमपणी आवाज कसा होता आणि धूर कसा होता, हे लिहून द्यावे. त्या चार ओळींमुळे शेतकऱ्याचा अनावश्यक खर्च टळेल व पिकाची पाळीही साधेल.