फुलपाखरांची मोजणी म्हणजे काय?
फुलपाखरांचे निरीक्षण म्हणजे दुर्मीळ जाती शोधून फोटो जमवणे, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात स्वयंसेवक ट्रान्सेक्टवर (मोजणीसाठी ठरवलेली वाट) दर वेळी त्याच गतीने चालतो आणि साधारण ५ मीटरच्या आत दिसलेली फुलपाखरे जातीनुसार मोजतो. ब्रिटनमध्ये १९७६पासून अशी मोजणी होते. अंगणवाडीत बाळाच्या एका वजनापेक्षा महिन्यामहिन्यांचा आलेख जास्त सांगतो, तसेच या मोजणीचे. म्हणून नागपूरच्या अंबाझरी किंवा गोरेवाडा परिसरात राज्य फुलपाखरू नीलवंत (ब्लू मॉरमॉन) दिसले नाही, तरी फेरी वाया जात नाही. लिंबू-कढीपत्त्यावर वाढणाऱ्या नेहमीच्या लाइम फुलपाखराची संख्या लिहावी. एकही न दिसल्यास शून्य लिहावे. घट-वाढ त्यावरूनच कळते.