नांदतो आहोत, याचा कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

उमरखेडला आमच्या मोहल्ल्यात मी कवी म्हणून कमी आणि अर्ज लिहून देणारा म्हणून जास्त ओळखला जातो. बी.ए. झालो तेव्हापासून ही बिनपगारी नोकरी सुरू आहे. रेशनकार्डात नाव चढवायचं असो, वारसाची नोंद असो, निराधारचं मानधन अडलेलं असो, माणसं दार वाजवतात. दोन वर्षांपूर्वी माझी भाची आली. म्हणाली, ‘मामू, आम्ही दोघं नवरा-बायको आहोत, असं लिहून द्या.’

मला हसू आलं. तिच्या निकाहात तिची संमती विचारायला गेलेला वकील मीच होतो. पण ती हसत नव्हती. जावई परदेशात नोकरीला. लग्नाला तीन वर्षं झालेली. तो वर्षातून एकदा महिनाभर येतो, बाकीचे अकरा महिने ती सासरी, आमच्या घरापासून तीन गल्ल्या सोडून. तिनं पतीकडे जाण्यासाठी व्हिसाचा अर्ज केला होता, तो नामंजूर होऊन आला होता. नातं खरं आहे आणि चालू आहे, याची खात्री पटत नाही, एवढंच कारण. व्हिसा नाकारल्याचं तिला दुःख नव्हतं. आपला निकाहच खोटा ठरवला, असं तिला वाटत होतं.

मी तिची फाईल उघडली. निकाहनामा, तोही उर्दूत आणि भाषांतराशिवाय. लग्नाच्या अल्बममधले साडेतीनशे फोटो. बस्स. मग मी तिचं नाव शोधायला लागलो. विजेचं बिल आजेसासऱ्यांच्या नावानं, ते जाऊन पंधरा वर्षं झाली. गॅसचं कार्ड सासूच्या नावानं. आधारवर माहेरचा पत्ता, रेशनकार्डातही ती अजून माहेरीच. जावई दर महिन्याला पैसे पाठवतो, पण ते सासऱ्यांच्या खात्यात. तीन वर्षं ही पोर त्या घरात भाकरी थापते आहे, पण कागदांवर ती त्या घरात आलेलीच नव्हती.

गंमत अशी, की आपला कायदा या बाबतीत शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात म्हटलं होतं, की अमुक दोघं विवाहित आहेत का असा प्रश्न आला, तर मित्रमंडळी त्यांना पती-पत्नी म्हणून वागवत होती, ही गोष्ट पुराव्यात धरता येते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण हे तत्त्व टिकलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं एक जोडपं आलं होतं. पन्नासेक वर्षं पती-पत्नी म्हणून राहिलेलं. इतक्या वर्षांनी लग्नाचा पुरावा मागू नका, एकत्र राहण्यावरूनच लग्न झालं असं धरा, असं न्यायालयानं सांगितलं. परदेशातल्या टेबलामागं बसलेल्या अधिकाऱ्याला मात्र आमचा मोहल्ला दिसत नाही. त्याला फक्त फाईल दिसते.

त्याच्या संशयालाही इतिहास आहे, आणि तो फारसा शोभादायक नाही. १९७९ मध्ये लग्नासाठी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरलेल्या एका भारतीय शिक्षिकेची तिथं कौमार्य तपासणी केली गेली. बोभाटा झाला, तेव्हा ती पद्धत बंद झाली. पुढं १९९७ पर्यंत ब्रिटनमध्ये असा नियम होता, की लग्नाचा मुख्य हेतू ब्रिटनमध्ये येणं हा नव्हता, हे अर्जदारानंच सिद्ध करायचं. मनात नसलेली गोष्ट नव्हती, हे कसं सिद्ध करणार? अमेरिकेनं खोट्या लग्नांना आळा घालायला १९८६ मध्ये कायदा केला. लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत जोडीदार तिथं कायमच्या वास्तव्यासाठी पोहोचला, तर त्याला दोन वर्षांचं सशर्त ग्रीन कार्ड मिळतं. ते संपण्याआधीच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा. सोबत दोघांच्या नावाचा भाडेकरार, जोडखातं, मुलांचे जन्मदाखले, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं.

इथं एक गैरसमज दूर करतो. ब्रिटनच्या नियमात लग्न झालेल्यांनी अर्जाआधी एका छताखाली राहिलेलं असलंच पाहिजे, असं नाही. प्रत्यक्ष भेट झालेली हवी, नातं खरं आणि चालू हवं, पुढं कायम एकत्र राहण्याचा इरादा हवा. (उत्पन्नाची अट वेगळी. ती २०१२ मध्ये वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये २९,००० केली.) एकत्र राहण्याचा पुरावा लागतो तो तिथं गेल्यावर, पहिला ३३ महिन्यांचा व्हिसा वाढवून घेताना. दोघांच्या नावानं, किंवा निदान एकाच पत्त्यावर आलेली वेगवेगळ्या ठिकाणची पत्रं तेव्हा उपयोगी पडतात. म्हणजे दूर असताना ‘संबंध आहे’ हे दाखवायचं आणि जवळ आल्यावर ‘घर एक आहे’ हे.

आम्ही मुळापासून सुरुवात केली. महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्यानं कुठल्याही धर्माच्या लग्नाची नोंदणी करता येते. नव्वद दिवसांत करायची असते, तीन साक्षीदार लागतात. सर्वोच्च न्यायालयानं १४ फेब्रुवारी २००६ ला सर्व राज्यांना नोंदणी सक्तीची करायला सांगितलं. प्रेमिकांच्या दिवशीच, हा योगायोग! आमची नोंद राहून गेली होती, ती विलंबानं केली. ते प्रमाणपत्र हाती आलं आणि पुढची दारं उघडली. जानेवारी २०२३ पासून आधारवरचा पत्ता कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं बदलता येतो. नातं दाखवणारा कागद तेवढा लागतो. सासऱ्यांनी संमती दिली. आधारवर बँकेचं खातं आलं, खात्यात जावयाचे पैसे थेट यायला लागले. सासूबाई थोड्या रुसल्या. ‘इतके दिवस काय आम्ही पैसे खात होतो?’ म्हणाल्या. त्यांना समजावणं हे सगळ्यांत अवघड काम होतं, आणि ते कुठल्याच फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं.

साडेतीनशे फोटोंतले सतरा ठेवले. निकाहाचे चारच, बाकीचे नंतरच्या तीन वर्षांतले, वेगवेगळ्या माणसांसोबतचे. एक सहस्रकुंडच्या धबधब्यापाशी सासू-सासऱ्यांसह काढलेला. मागं तारीख, ठिकाण, कोण कोण आहेत ते लिहिलं. जावयाच्या येण्याजाण्याची विमानाची तिकिटं आणि पासपोर्टवरचे शिक्के लावले. व्हॉट्सॲपचे संदेश सगळे द्यायचे नसतात. दर महिन्याचे दोन-चार, तारखेसह, भाषांतरासह पुरतात. भाचीनं निवडलेले मला दाखवले नाहीत, मीही मागितले नाहीत.

माझं प्रतिज्ञापत्र मी दोनदा लिहिलं. पहिल्या खेपेला चांद आला, चमेली आली. वकिलांनी वाचून बाजूला ठेवलं. म्हणाले, ‘सर, तुम्ही काय पाहिलं, केव्हा पाहिलं, तेवढं लिहा.’ मग लिहिलं, की मी मुलीचा मामा, निकाहाला हजर होतो. जावई अमुक तारखेला आला, ईदला दोघं माझ्याकडं जेवायला होते, तो परत निघाला तेव्हा नांदेडला रेल्वेवर पोचवायला मीही गेलो होतो. पाऊण पान झालं.

दुसरा अर्ज मंजूर झाला. आता ती तिकडं आहे. बिस्किटांच्या डब्यात ती पत्रं साठवते. बँकेची, दवाखान्याची, घरमालकाची. परवा फोनवर तिनं मोजून सांगितलं. पुढच्या अर्जाला अकरा महिने आहेत, डब्यात नऊ पत्रं जमली आहेत, त्यातली दोन दोघांच्या नावानं आहेत.