चंद्र (मराठी गीतांच्या शीर्षकांतील शब्द)

चंद्र हा शब्द, किंवा चांद, चंद्रमा, चंद्रिका, चांदणे यांपैकी त्याचे एखादे रूप, ज्यांच्या शीर्षकात येते अशी अनेक गीते आधुनिक मराठीत आहेत. नाट्यपद, भावगीत, चित्रपटगीत, अंगाई, लावणी, भक्तिगीत आणि आगरी-कोळी लोकगीत अशा परस्परांहून दूरच्या प्रकारांत ती विखुरलेली आहेत. या गीतांमध्ये शब्द समान असला तरी अर्थ समान नाही. काहींत तो आकाशातला चंद्र आहे, काहींत स्त्रीचे नाव, तर काहींत नदीच्या नावाचा पूर्वार्ध. शीर्षके एकमेकांसारखी असल्यामुळे या गीतांचे कवी, संगीतकार आणि गायक यांच्या नावांची सरमिसळ वारंवार होते. प्रस्तुत लेखात प्रमुख गीतांचा परिचय प्रकारानुसार दिला आहे.

शीर्षकाचा प्रश्न

मराठी गीताला बहुधा स्वतंत्र शीर्षक नसते. कवितासंग्रहात कवितेला नाव असले तरी ती कविता गीत झाली की ते नाव गळून पडते आणि ध्रुवपदाचे पहिले तीन-चार शब्द हीच तिची ओळख होते. आकाशवाणीवरील निवेदन, ध्वनिमुद्रिकेवरील छापील पट्टी आणि मैफलीतील श्रोत्यांची फर्माईश या तिन्ही ठिकाणी हीच पद्धत रूढ झाली. त्यामुळे 'चंद्राचे गाणे' शोधणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला शब्द नेमका आठवला नाही, तर तो भलत्याच गीतापाशी पोहोचतो. यात सर्वाधिक नुकसान होते ते कवीचे. गायकाचा आवाज श्रोता ओळखतो, चालीवरून संगीतकाराचाही अंदाज बांधतो. कवीला मात्र ओळखण्यासाठी नावाखेरीज दुसरी खूण नाही, आणि नेमके तेच प्रथम विसरले जाते.

ही प्रथा केवळ मराठीची नाही. अमेरिकन गीतकार बार्ट हॉवर्ड यांनी १९५४ मध्ये 'इन अदर वर्ड्स' या नावाने लिहिलेले गीत लोकांनी त्याच्या पहिल्या शब्दांवरूनच ओळखायला सुरुवात केली आणि पुढे 'फ्लाय मी टू द मून' हेच त्याचे शीर्षक ठरले. फ्रँक सिनात्रा यांचे १९६४ मधील ध्वनिमुद्रण आज याच नावाने जगभर ऐकले जाते.

शब्दाची रूपे

'चंद्र' आणि 'चंद्रिका' हे शब्द संस्कृतातून जसेच्या तसे आलेले आहेत. 'चंद्रमा' हेही त्याच कुळातले. 'चांद' आणि 'चांदणे' ही प्राकृतातून घडत आलेली रूपे असून मराठीच्या घरात ती अधिक मोकळेपणाने वावरतात. मुलांचा 'चांदोबा' हा तर देवत्वाला ओसरीवर आणून बसवणारा शब्द होय. खंडोबा, म्हसोबा यांच्या पंक्तीतले त्याचे 'बा' ध्यानात घेण्याजोगे आहे.

येथे एका सार्वत्रिक चुकीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. हिंदीत 'चाँदनी' म्हणजे चंद्रप्रकाश. मराठीत 'चांदणी' म्हणजे तारका, आणि चंद्रप्रकाशाला 'चांदणे' म्हणतात. एकाच मुळापासून निघालेल्या या दोन शब्दांची वाट अशी वेगळी झाली. हिंदी चित्रपटगीतांच्या सहवासामुळे शहरी विद्यार्थी चांदणीचा अर्थ सर्रास चंद्रप्रकाश असा लिहितात. लेखनातही काळजी हवी. 'चांदण्यात' हे चांदणे या नपुंसकलिंगी शब्दाचे रूप आहे, तर अनुस्वारासह 'चांदण्यांत' असे लिहिल्यास त्याचा अर्थ तारकांमध्ये असा होतो. एका टिंबाने गीतातील प्रेमी युगुल थेट नक्षत्रलोकात जाऊन पोहोचते.

छंदाच्या दृष्टीनेही हा शब्द कवींच्या सोयीचा आहे. 'चंद्र' आणि 'चांद' यांच्या मात्रा प्रत्येकी तीन आहेत, तर 'चंद्रमा' आणि 'चांदणे' यांच्या प्रत्येकी पाच. या दोन्ही शब्दांचा क्रम गुरू, लघू, गुरू असा एकच आहे. 'तोच चंद्रमा नभात' या शीर्षकातील अक्षरे क्रमाने म्हणून पाहावीत. गुरू आणि लघू एकाआड एक येत अखेरपर्यंत जातात, कोठेही मोड नाही. 'चांदणे शिंपीत जाशी' याची लगावली गालगागा गालगागा अशी पडते. चाल लागण्यापूर्वीच या शब्दांत एक लय आहे, ती अशी.

नाट्यपदे

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'संगीत मानापमान' (१९११) या नाटकातील 'चंद्रिका ही जणू' हे पद या परंपरेच्या आरंभीच्या पदांपैकी एक म्हणता येईल. नाटकाचे संगीत गोविंदराव टेंबे यांचे होते. पुढे दीनानाथ मंगेशकर यांच्या आक्रमक, चपळ गायकीमुळे हे पद विशेष गाजले. येथे चंद्रिका ही उपमेपुरती आहे. पदाचे खरे बळ शब्दांपेक्षा गायकाच्या तानेत आहे, हे मान्य करायला हवे.

प्रल्हाद केशव अत्रे यांच्या 'पाणिग्रहण' या नाटकातील 'उगवला चंद्र पुनवेचा' हे पद श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केले आणि बकुळ पंडित यांनी गायिले. संस्कृत 'चंद्र' आणि ग्रामीण वळणाचे 'पुनव' हे शब्द येथे शेजारी बसले आहेत, आणि ते एकमेकांना परके वाटत नाहीत. 'झेंडूची फुले' (१९२५) या विडंबनकाव्यसंग्रहात समकालीन कवींच्या नटव्या शब्दकळेची मनसोक्त थट्टा करणाऱ्या अत्र्यांनीच चंद्राचे हे सरळ, प्रसन्न पद लिहावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. चंद्रावर लिहिणे सोपे असते. हास्यास्पद न होता लिहिणे अवघड, आणि हे विडंबनकाराइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?

भावगीते

शांता शेळके यांचे 'तोच चंद्रमा नभात' हे या सर्व गीतांत अर्थाच्या दृष्टीने सर्वांत सखोल होय. सुधीर फडके यांनी ते स्वरबद्ध केले व स्वतःच गायिले. या गीतामागे शीलाभट्टारिका या कवयित्रीच्या नावे ओळखला जाणारा एक संस्कृत श्लोक आहे. मम्मटाच्या 'काव्यप्रकाश' या ग्रंथात तो उद्धृत झालेला असल्याने संस्कृत साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांना तो परिचित असतो. श्लोकातील स्त्री म्हणते की प्रियकर तोच, चैत्रातल्या रात्री त्याच, फुलांचा गंध वाहणारा वाराही तोच आणि मीही तीच, तरी मन मात्र रेवेच्या काठच्या त्या पूर्वीच्या भेटींसाठी झुरते आहे.

शांताबाईंनी या श्लोकाचा अनुवाद केलेला नाही. श्लोकात प्रेम शिल्लक आहे, हरवले आहे ते त्यातले चोरटेपण. मराठी गीतात भोवतालचे सारे तसेच असून आतली प्रीतीच ओसरली आहे. म्हणजे मूळ श्लोकातली हुरहूर येथे शोकाच्या दिशेने सरकते. चंद्र बदलला नाही, हीच या गीतात तक्रार आहे. सामान्यतः कवी चंद्राला साक्षी, दूत किंवा उपमान म्हणून वापरतात. येथे तो केवळ तसाच उरला आहे, आणि त्याच्या तसे उरण्यानेच माणसाचे बदलणे उघडे पडते. शीर्षकातील 'तोच' या शब्दावर गीताचा सारा भार आहे. तो काढला तर उरते ते निव्वळ निसर्गवर्णन. विद्यार्थ्यांनी श्लोक व गीत शेजारी ठेवून वाचल्यास प्रेरणा आणि अनुकरण यांतील फरक व्याख्येवाचून समजतो. शांताबाई १९९६ मध्ये आळंदी येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष होत्या. त्या आणि सुधीर फडके या दोघांचेही निधन २००२ मध्येच, दोन महिन्यांच्या अंतराने झाले.

'चांदणे शिंपीत जाशी' (कवी राजा बढे) आणि 'चांदण्यात फिरताना' (कवी सुरेश भट) या दोन गीतांची गल्लत सर्वाधिक होते. त्याला कारणही आहे. दोन्हींचे संगीतकार हृदयनाथ मंगेशकर, दोन्हींच्या गायिका आशा भोसले आणि दोन्हींचा पहिला शब्द चांदणे. कवी मात्र भिन्न प्रकृतीचे आहेत. 'जय जय महाराष्ट्र माझा' या, २०२३ पासून राज्यगीत असलेल्या गीताचे कवी म्हणून राजा बढे सर्वांना ठाऊक असतात. त्यांच्या लेखणीची ही हळुवार बाजू कमी आठवली जाते. त्यांच्या गीतात चांदणे ही चालत्या व्यक्तीने मागे शिंपलेली वस्तू आहे. भटांच्या गीतात चांदणे हे केवळ ठिकाण आहे, आणि महत्त्व आहे ते हाताच्या स्पर्शाला. गझलकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भटांनी येथे एका क्षणातील संकोच आणि ओढ दोन्ही पकडले आहेत. दीनानाथांनी 'चंद्रिका' गाजवली आणि त्यांच्या मुलांनी ही दोन 'चांदणी' गीते घडवली, असा एका घराण्यातला हा धागा आहे.

चित्रपटगीते

'चंद्र आहे साक्षीला' हे जगदीश खेबुडकर यांचे गीत 'चंद्र होता साक्षीला' (१९७८) या चित्रपटातील आहे. संगीत सुधीर फडके यांचे असून आशा भोसले व सुधीर फडके यांनी ते गायिले आहे. गीत आणि चित्रपट यांच्या नावांत केवळ क्रियापदाच्या काळाचा फरक आहे, आणि नोंदी करताना हीच दोन नावे हमखास उलटसुलट लिहिली जातात. हा फरक निरर्थक नाही. गीत प्रेमाच्या ऐन क्षणी म्हटलेले असल्याने ते वर्तमानकाळात आहे. चित्रपटाचे नाव त्या क्षणाकडे मागे वळून पाहते. साक्षीदाराची आठवण भूतकाळात काढावी लागते तेव्हा वचनाचे काही बरे झालेले नसते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही.

अंगाई आणि बालगीत

चांदोबाला 'भागलास का' असे विचारणारे पारंपरिक बालगीत महाराष्ट्रातील बहुतेक घरांत मुखोद्गत असते. त्या गीतातच निंबोणीच्या झाडाचा उल्लेख येतो. 'बाळा गाऊ कशी अंगाई' (१९७७) या चित्रपटासाठी मधुसूदन कालेलकर यांनी लिहिलेली 'निंबोणीच्या झाडामागे' ही अंगाई त्या झाडामागूनच सुरू होते. जुन्या गीतात तेथे लपलेला चंद्र नव्या गीतात झोपी गेला आहे. संगीत एन. दत्ता यांचे व स्वर सुमन कल्याणपूर यांचा आहे. लोकगीताशी असलेल्या या नात्यामुळेच ही अंगाईही पारंपरिक असल्याचा समज आढळतो. तो चुकीचा असून कालेलकरांचे नाव नोंदवले जाणे अगत्याचे आहे.

लावणी

'चंद्रमुखी' (२०२२) या चित्रपटातील 'चंद्रा' ही लावणी गुरू ठाकूर यांनी लिहिली, अजय-अतुल यांनी स्वरबद्ध केली आणि श्रेया घोषाल यांनी गायिली. पडद्यावर ती अमृता खानविलकर यांनी सादर केली. चित्रपट विश्वास पाटील यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारित आहे. येथे 'चंद्रा' हे नायिकेचे नाव आहे. शब्द पुल्लिंगी चंद्रापासून निघून स्त्रीनाम झाला आहे. भावगीतांत चंद्र वर असतो आणि माणसे खाली. या लावणीत फडावर उभी राहणारी स्त्रीच स्वतःला चंद्राच्या जागी ठेवते. या यादीतील हे एकच गीत शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असते, त्यामुळे 'चंद्र' शब्दाच्या गीतांचा अभ्यास वर्गात येथूनच सुरू करणे व्यवहार्य ठरते.

भक्तिगीते आणि लोकगीते

प्रल्हाद शिंदे यांच्या खड्या आवाजातील 'चंद्रभागेच्या तीरी' या गीतात चंद्र आहे तो नदीच्या नावात. पंढरपूरपाशी भीमा नदी चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिला तेथे चंद्रभागा म्हणतात. रावेतच्या बंधाऱ्यावरून पुढे जाणारी पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमाच पंढरपुरात चंद्रभागा होते. देहू आणि आळंदी येथून निघणाऱ्या पालख्यांच्या वाटेवरील पिंपरी-चिंचवड परिसरात हे गीत आषाढात ठिकठिकाणच्या ध्वनिवर्धकांवरून ऐकू येते, तेव्हा शेजारून वाहणारे पाणी त्याच गावाला चालले आहे हे फार थोड्यांच्या ध्यानी येत असावे.

'चांदणं चांदणं झाली रात' हे आगरी-कोळी समाजातील लोकप्रिय गीत कार्ल्याच्या एकवीरा देवीशी जोडलेले आहे. यातील चांदण्याला प्रेमाची छटा नाही. ते यात्रेकरूंच्या वाटेवरचा उजेड आहे. विजेपूर्वीच्या काळात चांदण्या रात्रीचा पहिला उपयोग हाच होता, ही गोष्ट भावगीतांच्या प्रभावाखाली आपण विसरतो.

या सर्वांहून जुने शब्द, पण आधुनिक ध्वनिमुद्रणामुळे नव्याने घरोघरी पोहोचलेले गीत म्हणजे ज्ञानेश्वरांची 'घनु वाजे घुणघुणा' ही विराणी. हृदयनाथ मंगेशकर यांच्या चालीत लता मंगेशकर यांनी ती गायिली. शीर्षकात चंद्र नसल्याने काटेकोरपणे ती या लेखाच्या कक्षेत येत नाही. तरीही तिचा उल्लेख आवश्यक आहे, कारण देवकीनंदनावाचून चांदणेही नकोसे वाटणारी विरहिणी येथे भेटते. चंद्र तसाच आहे पण आता सुख देत नाही, हा शांताबाईंच्या गीतातील भाव मराठीत सात शतके आधी येऊन गेला होता.

सांस्कृतिक संदर्भ

महाराष्ट्रात चंद्राशी व्यवहाराचेही नाते आहे. संकष्टी चतुर्थीचा उपवास चंद्रोदयानंतर सुटतो, म्हणून दिनदर्शिकांत चंद्रोदयाची वेळ मिनिटासह छापलेली असते. भाद्रपद शुद्ध चतुर्थीला चंद्र पाहू नये असा संकेत आहे, तर आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागिरीला, आटवलेल्या दुधात त्याचे प्रतिबिंब पाहून ते दूध पितात. वर उल्लेखिलेली बरीचशी भावगीते आज सामूहिकपणे गायिली जातात ती याच रात्री. रावेत, पुनावळे, किवळे या भागांत उंच इमारतींच्या गच्चीवर होणाऱ्या कोजागिरीच्या कार्यक्रमांत नाट्यपद, भावगीत आणि 'चंद्रा' ही लावणी एकाच बैठकीत ऐकायला मिळणे मुळीच नवलाचे नाही. निवेदकाने गायकाबरोबर कवीचेही नाव घेतले, तर त्यासाठी अर्धे मिनिटही लागत नाही.