जुनी मोटारसायकल, खडीचा रस्ता आणि व्यापाऱ्याची पारख

बेदाण्याच्या सौद्याला बसलेला व्यापारी बॉक्स उघडताच भाव बोलत नाही. तो मूठभर माल तळहातावर घेतो, रंग पाहतो, दाणा दाबून पाहतो, एखादा जिभेवर ठेवतो आणि मगच आकडा उच्चारतो. पिढ्यान्‌पिढ्या अंगवळणी पडलेली ही सावधगिरी जुने वाहन घेताना मात्र आपण पेढीवरच ठेवून जातो. चकचकीत टाकी, जाड टायर आणि विकणाऱ्याचे गोड बोलणे एवढ्यावर मोठ्या रकमेचा व्यवहार अर्ध्या तासात उरकतो. ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणूनच हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

गेल्या वर्षी आमच्या पुतण्याने व्यवसायाची फिरती आपल्याकडे घेतली. सांगलीच्या मार्केट यार्डातून तासगाव, आणि हंगामात कवठेमहांकाळ व जत तालुक्यांतील बेदाणा शेड, असा त्याचा नित्यक्रम. शेडपर्यंतचा शेवटचा टप्पा बहुधा मुरुमाचा, नाहीतर सुट्या खडीचा. घरच्या स्कूटरवरून तो दोनदा घसरला आणि दुसऱ्या वेळी त्याचे मनगट मोडले. वहिनींनी त्याच दिवशी सांगितले, “दुचाकी बंद. फिरती होत नसेल तर होऊ नये.” पुतण्याला हवी होती ‘ॲडव्हेंचर’ प्रकारची मोटारसायकल. त्या नावातच वहिनींना पुढचा अपघात दिसत होता. “काका, तुम्हीच आईशी बोला,” असे म्हणून त्याने मला मध्ये घातले आणि मीही हमी घेऊन बसलो.

या गाड्यांचे नाव धाडसाचे असले तरी त्यांची बांधणी वाईट रस्त्यांसाठी असते. इंजिनाचा तळ जमिनीपासून उंच, शॉक ॲब्सॉर्बरचा पल्ला लांब, पुढचे चाक मोठे आणि बसण्याची ठेवण ताठ. स्कूटरचे लहान चाक ज्या खड्ड्यात अडकते, त्यावरून एकवीस इंची चाक सहज पुढे जाते. हे वहिनींना पटवून देता आले, कारण ते खरे होते.

आधी रस्ता मोजावा

श्रावकाच्या अणुव्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे. वस्तू घेण्याआधी आपली मर्यादा आपणच ठरवावयाची. वाहनखरेदीत हे तत्त्व अक्षरशः उपयोगी पडते. आम्ही वहीत एका आठवड्याची फिरती लिहून काढली. दहा किलोमीटरपैकी आठ डांबरी, दोन खडीचे असा हिशेब निघाला. लडाख त्या वहीत कोठेच नव्हते. त्यानंतर तीन मर्यादा लिहिल्या. एकूण रक्कम किती, एकट्याला किती वजन उचलता येईल आणि बसल्यावर पाय जमिनीला किती टेकतात.

रक्कम ठरविताना एक पथ्य पाळावे. खिशात जेवढे आहे तेवढ्याची गाडी घेऊ नये. सहावा-सातवा हिस्सा बाजूला ठेवावा, कारण जुन्या गाडीला पहिल्या महिन्यात टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड, तेल आणि एअर फिल्टर यांपैकी काही ना काही लागतेच.

चार गाड्या, चार स्वभाव

आपल्याकडच्या जुन्या बाजारात या प्रकारात मुख्यतः चार नावे पुढे येतात. रॉयल एन्फिल्डची हिमालयन २०१६ साली आली. इंजिन ४११ सीसी, सीटची उंची ८०० मिलिमीटर, टाकी १५ लिटरची. ती हळूहळू ओढते, लांबच्या प्रवासात दमवत नाही आणि बुटक्या माणसालाही बसता येते. परंतु वजन १९० ते २०० किलोच्या घरात आहे आणि सुरुवातीच्या गाड्यांना एबीएस नव्हते. २०२३ अखेर तिची जागा नव्या इंजिनाच्या हिमालयनने घेतली असली, तरी जुन्या गाड्या पुष्कळ मिळतात.

हिरोची एक्सपल्स २०० ही २०१९ सालची. सीट सुमारे ८२५ मिलिमीटर उंच, पण वजन १५५ किलोच्या आसपास. ताकद कमी असल्याने महामार्गावर सतत वेगात पळविणे तिला मानवत नाही. खडीवर मात्र हलकेपणा कामी येतो, आणि तिची दुरुस्ती तालुक्याच्या गावीही होऊ शकते. या दोन्ही गाड्यांचे पुढचे चाक एकवीस इंची व तारांचे आहे.

बीएमडब्ल्यूची जी ३१० जीएस २०१८ मध्ये आणि केटीएमची ३९० ॲडव्हेंचर २०२० मध्ये आली. दोन्ही वेगवान, दोन्हींचे पुढचे चाक एकोणीस इंची. केटीएमची सीट ८५५ मिलिमीटर उंच आहे. त्यांच्या मिश्रधातूच्या चाकांवर ट्यूबलेस टायर असल्याने पंक्चर रस्त्यातच दहा मिनिटांत काढता येते. तारांच्या चाकात ट्यूब असते आणि चाक खोलावे लागते. उलट, टोकदार दगडावर जोरात आपटल्यास मिश्रधातूची रिंग तडकण्याची भीती असते. सुटे भाग महाग, आणि पडल्यावरचा खर्च डोळ्यांत पाणी आणणारा.

पुतण्याची उंची साडेपाच फूट. त्याच्या मनात हिमालयन भरली होती. एका स्नेह्यांची हिमालयन आम्ही शेडजवळच्या मोकळ्या जागेत नेली, जुन्या पोत्यांवर सावकाश आडवी केली आणि त्याला उचलावयास सांगितले. बऱ्या झालेल्या मनगटाने दोन वेळा प्रयत्न करूनही ती उठली नाही. एक्सपल्स त्याने एकट्याने उभी केली. ओसाड वाटेवर फोनला रेंज नसताना गाडी पडली तर काय होईल, याचे उत्तर त्या दुपारी मिळाले. दणकट बांध्याच्या आणि महामार्गावर अधिक राहणाऱ्या माणसासाठी हाच निर्णय उलटा लागला असता.

बुडालेला इसार

एवढी तयारी करूनही पहिला सौदा चुकला. सीमेपलीकडच्या, कर्नाटकातील एका गावी एक गाडी स्वस्त मिळत होती. ‘एकहाती वापर, एकदाही पडलेली नाही’ असे मालकाचे शब्द. सायंकाळ झाली होती, परतण्याची घाई होती. दुसरा गिऱ्हाईक येतो आहे असे ऐकताच मी इसार देऊन मोकळा झालो. दुसऱ्या सकाळी आमच्या ओळखीच्या मिस्त्रींना घेऊन गेलो. त्यांनी पाच मिनिटांत दाखविले की क्लचचा दांडा नवा आहे आणि ब्रेकचा जुना. डावा फूटरेस्ट बदललेला आहे. हँडलखालच्या सांगाड्यावर रंगाचा ताजा हात आहे. चालविताना हँडल सरळ धरले की गाडी डावीकडे ओढत होती. गाडी जोरात पडली होती आणि सांगाडा सरळ करून रंगविला होता. इसार परत मिळाला नाही. पुतण्या काही बोलला नाही. मलाच घरी येऊन वहिनींना सांगावे लागले. त्या एवढेच म्हणाल्या, “पैसे गेले, पोरगा त्या गाडीवर बसला नाही, हे बरे.”

पारख कशी करावी

त्या दिवसानंतर मिस्त्रींनी सांगितलेला क्रम मी वहीत उतरवून घेतला.

गाडी सकाळी, उजेडात आणि इंजिन थंड असताना पाहावी. आपण पोहोचण्यापूर्वीच इंजिन गरम असेल तर कारण विचारावे. सुरू केल्यावर निळसर धूर येत राहिला तर इंजिन तेल जाळते आहे असे समजावे.

पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश फिरवावे. मध्यभागी खाच लागल्यासारखे अडखळले तर कोनसेट झिजलेला आहे. खडीवर चाललेल्या गाडीत हे वारंवार आढळते. पुढच्या फोर्कच्या दांड्यांवर तेलाची ओल नसावी. मागचे चाक धरून आडवे हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग किंवा बुश गेलेले आहेत.

चाकाच्या तारांवर पान्याने हलकेच ठोकावे. सर्व तारांचा नाद सारखा यावा. ज्या तारेचा आवाज बद्द येईल ती सैल आहे. चाक फिरवून रिंग डुलते का पाहावे. मागच्या स्प्रॉकेटवरील चेन हाताने मागे ओढावी. ती उचलली जाऊन अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा पूर्ण संच बदलावा लागेल. टायरच्या कडेवर चार अंक असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी फार जुने रबर टणक होऊन खडीवर पकड सोडते.

इंजिनाखालची संरक्षक पट्टी वाकून पाहावी. तिथल्या खुणा गाडीचा खरा इतिहास सांगतात. मीटरवर थोडे किलोमीटर आणि फूटरेस्टचे रबर गुळगुळीत, हा मेळ बसत नाही. जादा दिव्यांसाठी वायरिंग कापून जोडले असेल तर तेही भावात धरावे.

कागद आधी, पैसा नंतर

चॅसी व इंजिन क्रमांक आर.सी.शी स्वतः ताडून पाहावेत. परिवहन विभागाच्या ऑनलाइन नोंदीत कर्जाचा बोजा, विम्याची मुदत आणि थकीत ई-चलन दिसते. बोजा असेल तर वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी हस्तांतरासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. परराज्यातील गाडीला तेथील आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, आणि येथे कायम वापरावयाची असल्यास महाराष्ट्राचा कर हेही लागतात. सीमाभागात स्वस्त वाटणारी गाडी या हिशेबाने पुष्कळदा महाग पडते. विमा आपल्या नावे करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा. विक्रेत्याचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर येत नाही, हेही आधीच धरून चालावे.

पोशाख आणि वेळ

गाडीइतकाच विचार अंगावरच्या साधनांचा हवा. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, कोपर-गुडघ्यांना आतून कवच असलेले जाकीट व पँट. आपल्या घरांत चामडे वर्ज्य असल्याने कापडी व कृत्रिम धाग्यांचा माल पाहावा. तो सहज मिळतो. हातमोज्यांबाबत सावध राहावे. वरून कापडी दिसणाऱ्या मोज्यांचा तळवा अनेकदा चामड्याचा असतो, म्हणून लेबल वाचूनच घ्यावेत. बुटांचेही तसेच.

खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, नजर चाकाजवळ न ठेवता दूरवर ठेवावी. पावसाळ्यात मुरुमाच्या वाटेवर बेडूक, गोगलगायी, किडे असतात. मुनिवर्यांची ईर्यासमिती आपल्याला पाळता आली नाही, तरी वेग कमी ठेवणे आपल्या हाती आहे. सूर्यास्तापूर्वी भोजनाची घरची रीत येथेही उपकारक ठरते. तिन्हीसांजेच्या लांब सावल्यांत खड्डे दिसेनासे होतात, आणि त्या वेळी घरी असलेला मुलगा पडत नाही.

अखेर मिरजेतील एका शिक्षकांची एक्सपल्स आम्ही घेतली. वरून थोडी खरचटलेली, पण आतून स्वच्छ. त्यांनी सर्व्हिसच्या पावत्या वर्षवार लावून ठेवल्या होत्या, आणि दोन वेळा कोठे पडली तेही न विचारता सांगितले. टायर आणि चेन बदलून ठरलेल्या मर्यादेतच हिशेब बसला. एक बेदाणा हंगाम पार पडला. संध्याकाळी गाडीचा आवाज गल्लीत आला की वहिनी ताट वाढावयास घेतात. गेल्या आठवड्यात त्यांनीच पुतण्याला विचारले, “एअर फिल्टर साफ केलास का?”