चहा : भुकटीचा, पत्तीचा आणि परसातला

मेढ्याच्या बाजारात वाण्याकडे चहा मागितला की तो काळी दाणेदार भुकटी बांधून देतो. पाने रुळांमधून दाबून, फाडून आणि वळवून ती करतात. तिला सीटीसी म्हणतात. ही रीत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. भुकटीचा रंग व कडकपणा झटकन उतरतो, म्हणून दुधाच्या चहाला ती बरी. कपाला सपाट चमचाभर पुरे. पाण्याला आधण आल्यावर भुकटी घालून दोन-तीन मिनिटे उकळावी, मग दूध. सकाळचाच चोथा दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा उकळायची आपली खोड मात्र वाईट. चव जाते, तुरटपणा तेवढा उरतो. गुळाचा चहा नासत असेल तर गूळ पाण्यातच विरघळवावा, भांडे उतरवून ऊन दूध वरून ओतावे.

मुंबईला असलेला मुलगा येताना कधी लांब पत्तीचा चहा आणतो, दार्जिलिंगचा नाहीतर निलगिरीचा. तो भुकटीसारखा दुधात उकळला की घरची माणसे म्हणतात, "कसला हा पानचट चहा!" दोष चहाचा नाही. पत्ती उकळायची नसते. भांड्यात चमचाभर पत्ती टाकून वर कपभर उकळते पाणी ओतावे, चार मिनिटे झाकून ठेवावे आणि गाळून बिनदुधाचाच प्यावा. हिरव्या चहाला तर पाणी चुलीवरून उतरवून थोडे निवू द्यावे व दोनच मिनिटे ठेवावे, नाहीतर कडू होतो.

गवती चहा हा खरे पाहता चहाच नव्हे, गवत आहे. त्यात तरतरी आणणारे द्रव्य नाही. पावसाच्या सुरुवातीला न्हाणीच्या सांडपाण्याजवळ दोन-दोन फुटांवर ठोंब लावा; पाणी तुंबू देऊ नका. पाने वीतभर राखून कापावीत, बुंधा पुन्हा फुटतो. दोन पाती आणि आल्याचा तुकडा पाण्यात पाच मिनिटे उकळला की झाले. पोरांना हाच द्यावा.

हे मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडे पोरांची न्याहारी म्हणजे चहात कुस्करलेली भाकरी. चहातली तुरट द्रव्ये नाचणीतले, पालेभाजीतले लोह अंगी लागू देत नाहीत. गरोदर बायकांना व वाढत्या मुलांना हे फार बाधते. जेवण आणि चहा यांत तासाभराचे तरी अंतर ठेवा. भगिनींनो, उपाशीपोटी दोन कप चहा घेऊन भातलावणीला उतरणे बंद करा. आधी भाकरी खा, चहा नंतर बांधावर येऊ द्या.

सुटा चहा घेताना चिमूटभर पांढऱ्या टीपकागदावर पसरून पाणी शिंपडा. लगेच रंगाचे डाग उमटले तर चहा रंगवलेला आहे. त्या दुकानी पुन्हा जाऊ नका. जावळीच्या पावसात भुकटी सादळते, शिवाय शेजारचा वास ओढून घेते. तेव्हा घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवा, मसाल्याच्या फळीपासून लांब.